वाकळीचं दुसरं टोक

सलीमभाईनं पिकअप रस्त्यावरच उभी केली आणि तो चालत आला, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे मला कळलं. हा माणूस कधी चालत येत नाही. फुलं भरायची असोत नाहीतर नुसता चहा प्यायचा असो, गाडी थेट बांधाला टेकवायची, हॉर्न वाजवायचा आणि आक्काच्या शिव्या खायच्या, ही त्याची रीत. त्या दिवशी हॉर्न वाजला नाही. सूर्य दौलताबादच्या किल्ल्यामागं गेला होता आणि मी शेवंतीच्या लांब वाफ्याच्या एका टोकाला झुडपांवर रोज रात्री पांघरायच्या काळ्या वाकळीचा कोपरा धरून उभी होते. आक्का सकाळीच फुलंब्रीला बहिणीकडं गेलेली. "दिवेलागणीच्या आत येते. वाकळ एकटी वढू नको, फाडशील," असं बजावून गेलेली. सलीमभाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्यानं आक्काचा कोपरा उचलला. त्या वाकळीला त्यानं तोवर कधी हात लावला नव्हता. "ये तुम औरतां का काम है," म्हणून लिंबाखाली बसून राहायचा. दोघांनी मिळून वाकळ ओढली, बांबूच्या कमानींवरून सारखी केली, कडेला विटा ठेवल्या. मग हात झटकत तो म्हणाला, "आक्का गयी, बेन. दुपारी जेवून बहिणीच्या ओसरीत पडल्या, उठल्याच नाय."

सोन्यासारखं मरण आलं, असं नंतर येईल तो म्हणत होता. कोणाला त्रास नाही, दवाखाना नाही, झोपेत गेली, पुण्यवान बाई. ऐकून ऐकून माझे कान तापले. मी चिडणारी बाई नाही, मी घाबरणारी बाई आहे. बँकेत घाबरते, रस्ता ओलांडताना घाबरते, घरमालकाच्या चपलांचा आवाज जिन्यात आला तरी छातीत धडधडतं. राग येण्यासाठी पायाखाली जमीन लागते, ती माझ्याकडं कधी नव्हती. पण आक्का गेल्यापासून राग आलाय आणि काही केल्या जात नाही. पहिला राग तर आक्कावरच आहे. भादव्यात कोणी मरतं का? शेवंतीला कळी धरायचा महिना! वर्षभर ज्या दिवसांसाठी कंबर मोडून घ्यायची, नेमक्या त्या दिवसांत ही बाई बहिणीच्या ओसरीत आडवी झाली आणि गेली... उन्हाळ्यात गेली असती तर मी नुसती रडले असते.

मी चंद्रपूरकडची, सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यातली. आठवीत शाळा सुटली, कारण पुढची शाळा नदीपलीकडं होती आणि बाबा म्हणाले, पुरे. लग्न झालं, यांना वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर काम मिळालं आणि आम्ही पडेगावात एका खोलीत येऊन पडलो. गावाकडं धानाच्या बांध्या, तळी, मोहाची झाडं. इथं चहूकडं उघडे डोंगर आणि बोलणं असं की साधं "काय पाहिजे" विचारलं तरी भांडण काढल्यासारखं वाटायचं. पहिले काही महिने मी पाणी भरायला तेवढी खोलीबाहेर पडायची. असंच एकदा हंडा घेऊन येताना रस्त्याकडेच्या तुकड्यापाशी थांबले. आत पिवळी शेवंती अशी फुललेली, की मला हंड्याचं ओझं कळेना. आतून आवाज आला, "ए बाई, नजर लावायलीस का तोडू लागतीस? हुबं राहून बघणाऱ्याला मी चहा देत नाय." मी इतकी घाबरले की हंडा बांधावर ठेवून मुकाट्यानं तोडू लागले. संध्याकाळी तिनं मला भाकरी आणि ठेचा दिला आणि सकाळी किती लवकर यायचं ते सांगितलं. नाव विचारलंच नाही. कुठली, एवढंच विचारलं. झाडीपट्टीतली म्हटल्यावर मी कायमची 'झाडीवाली' झाले. या शहरात मला कामाला लावणारे पुष्कळ भेटले, पण संध्याकाळी उशीर झाला तर बांधावर येऊन वाट बघणारी ती एकटी. तिचे उपकार मी कुठं फेडू, कसे फेडू, हे मला आजही कळत नाही.

तिचं नाव कौसल्याबाई, पण सगळं पडेगाव कौसाआक्का म्हणायचं. नवरा तरुणपणीच गेलेला. मुलगा अशोक कंपनीत, राहायला शहरात. इथं ती, विहीर, मोटारीची खोली, एक कडुलिंब आणि बाकी सगळी शेवंती. तिचं माहेर अजिंठ्याचं. लग्न होऊन येताना लुगड्यांच्या बोचक्यात ओल्या पोत्याची एक गुंडाळी आणली होती, त्यात अंगणातल्या शेवंतीच्या काश्या होत्या. काश्या म्हणजे जुन्या झुडपाच्या बुडातून फुटणारी पिलं. बहर संपला की झुडूप छाटायचं, काश्या फुटू द्यायच्या आणि उन्हाळा सरता सरता त्या सोडवून नव्या वाफ्यात लावायच्या. बियांचं काम नाही. कोणी म्हणालं, आक्का, लेकरासारखी जपली हो तुम्ही ही शेवंती, तर ती फिसकन हसायची. "लेकरू कसलं? माय हाय ती माझी. मायच्या अंगणातलंच झुडूप हे, नवं काय बी नाय. मीच नवी हाय इथं." फूल लहान, हळदीसारखं पिवळं, पाकळ्या गच्च आणि वास थोडा कडवट, थोडा गोड. बाजारात आता बाहेरगावची फुगीर शेवंती चालते. तिला वास नाही, पण ती फ्रीजमध्ये टिकते. तरी मार्गशीर्षातल्या गुरुवारी जुन्या बायका सलीमभाईच्या गाडीशी येऊन "आक्काची आहे का?" असंच विचारायच्या.

शिकवायची ती शिव्यांमधून. लावणीनंतर झुडूप वीतभर झालं की शेंडा खुडायचा असतो. मला ते जमेना. वाढत्या जिवाचं टोक तोडायचं म्हणजे मी नख लावून तशीच थांबायची. "शेंडा खुडायलीस का कोणाची मान?" ती पलीकडच्या सरीतून ओरडायची. "आक्का, चांगलं वाढतंय की..." "एकटंच वाढून काय करतंय ते? खुडलं की बाजूनं चार फुटत्यात." एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "मलापण आठवीत खुडलं, आक्का. माझे चार कुठं गेले?" ती उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुला पाणी कोण घातलं हुतं गं? नुसतं खुडून भागतंय व्हय?" दुपारच्या भाकरीच्या वेळी तिनं तिच्या ताटलीतला अख्खा कांदा माझ्याकडं सरकवला.

आणि मग शेजारी लॉन्स झाला. लग्नाचा. आधी तिथं पडीक रान होतं. त्याचा मालक इथलाच, लोक त्याला शेठ म्हणतात, आक्का त्याला बाळ्या म्हणायची, कारण तिनं त्याला नागडा पाहिलेला. माणूस गोड. रस्त्यात भेटला की वाकून आक्काच्या पाया पडणार, मावशी मावशी करणार. त्यानं भिंतीला लागून उंच खांब उभे केले आणि त्यांवर पांढरे दिवे लावले. रात्री आमच्या वाफ्यात सुई पडली तर सापडेल, असा उजेड. आम्हाला सुरुवातीला बरंच वाटलं. साप दिसेल, म्हटलं. त्या वर्षी शेवंती कमरेपर्यंत वाढली, गर्द हिरवी, नुसती माजलेली, आणि कळी नाही. दसरा गेला. "युरिया दोनदा टाकलास का गं तू?" म्हणून आक्कानं माझा जीव खाल्ला. दिवाळी गेली. आणि मग एका सकाळी मोटारीच्या खोलीमागं एक तिरका पट्टा पिवळा झालेला दिसला. तेवढाच. बाकी सगळा पाला. आक्का त्या पट्ट्यात जाऊन उभी राहिली. लॉन्सच्या खांबाकडं पाहिलं, खोलीच्या भिंतीकडं पाहिलं, भिंतीची सावली रात्री कुठं पडते ते बोटानं आखलं. पट्टा बरोबर त्या सावलीएवढा होता. "मुडद्यानं जागरण घातलं माझ्या शेवंतीला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा एकदाच पाहिलं. तेही रागाचं.

कृषी खात्यातली एक तरुण मॅडम स्कूटीवर येऊन पाहून गेली. भली पोरगी. म्हणाली, "तुमचं बरोबर आहे, आक्का. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. मधेच उजेड पडला की तिला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे." आक्का म्हणाली, "मंग सांग की त्याला." मॅडम खाली बघत म्हणाली, "मी पिकाचं सांगू शकते. दिव्यांचं माझ्याकडं नाही." दिव्यांचं ज्यांच्याकडं होतं त्या कचेरीत आम्ही गेलो. तिथं म्हणाले, शेतीचं आमच्याकडं नाही. एकजण तर हसून म्हणाला, "मावशी, लोक इथं दिवा लावा म्हणून येतात. तुम्ही बंद करा म्हणून आलात?" आजूबाजूचे सगळे हसले. मी आक्काची पिशवी छातीशी धरून उभी होते, घामानं ओली. आक्का म्हणाली, "तुमच्या अंथरुणावर बसवते तसला एक दिवा. बघू किती दिवस हसता." आणि चपला फटफट वाजवत बाहेर पडली.

शेवटी ती सरळ शेठकडंच गेली. लॉन्सच्या फाटकातच त्याच्या हातात पट्ट्यातलं एक फूल आणि उघड्यावरच्या झुडपाचा नुसता पाल्याचा शेंडा ठेवला. त्यानं आधी पाया पडून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, अंधारात कोण लग्न करील?" "आत्ता चातुर्मासात कोणाचं लगीन हाय रं? कुत्र्यांचं?" "पब्लिसिटी लागते ना. रोडवरनं लॉन्स दिसला पाहिजे." "तुझ्या बापाची वरात माझ्या सासऱ्याच्या कंदिलावर निघाली हुती, बाळ्या. रोडवरनं दिसली नाय म्हणून तू जन्मला नाय व्हय?" शेठ खो खो हसला. माणसांना बोलावून सांगितलं, बघा, आमची मावशी कशी फटकळ आहे. चहा पाजला. दिवे तसेच राहिले. नीट विचार केला तर मला त्या दिव्यांपेक्षा त्या पाया पडण्याचाच जास्त राग येतो. सरळ भांडला असता तर आक्का जिंकली असती. पायाला हात लावणाऱ्याशी भांडायचं कसं, ते तिलाही येत नव्हतं. लग्नं आषाढात थांबतात ती तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. शेवंतीला अंधार लागतो तो याच दिवसांत. म्हणजे ज्या रात्री त्या लॉन्सवर एक माणूस नसतो, तिथल्या खुर्च्यासुद्धा दोरीनं बांधून ठेवलेल्या असतात, त्या रात्री ते दिवे कोणासाठी जळतात? हे मी आजवर दहा जणांना विचारलं. सगळे म्हणतात, त्याची जागा, त्याचे दिवे. बरं. आणि अंधार कोणाचा?

तर अशी ती वाकळ आली. आधी आम्ही हिरवी जाळी लावून पाहिली, तिच्यातून उजेड गाळून आत यायचा. मग काळं प्लास्टिक, त्यात झुडपं उकडली आणि पानांवर भुरीची पांढरी बुरशी आली. मग आक्का म्हणाली, कापडच पाहिजे, आणि काळं पाहिजे. उन्हाळाभर ती आणि मी लिंबाखाली बसून शिवत होतो. मोडक्या छत्र्यांचं कापड, सलीमभाईच्या घरून आलेले काळे तुकडे, जुनी घोंगडी, आणि कोर्टाजवळच्या एका शिंप्यानं दिलेले वकिलांचे टाकून दिलेले कोट. बाह्या उसवायच्या, पाठ सरळ करायची आणि जोडायची. "इतके वकील हुभे केले मी त्याच्यावर," दाभण ओढता ओढता आक्का म्हणायची, "तरी खटला त्योच जिंकायलाय." सलीमभाई खाटेवरून म्हणायचा, "आक्का, जज का कोट लगाव, जज का!" "तुझाच लावते थांब, कातडं काळंच हाय." बाजूनं ट्रक जायचे आणि आमचं हसणं कोणाला ऐकू जात नसे.

ती वाकळ वरून आणि लॉन्सच्या बाजूनं खाली उतरायची. पलीकडची, किल्ल्याकडची बाजू वाऱ्यासाठी उघडी ठेवायची, तिकडं तसाही काळोखच असतो. रोज दिवे लागायच्या आत ती ओढायची आणि सकाळी उन्हं आली की काढायची. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती. मधे एवढा लांब वाफा आणि शेजारी रस्ता, त्यामुळं ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिनं रीत पाडली. तिच्या टोकाकडून कापडाला दोन झटके आले की दोघींनी एकदम चालू लागायचं. ते झटके कापडातून सरसर येत माझ्या हातात पोचायचे. त्या बाईचं सगळं बोलणं त्यात असायचं. चिडली असली की झटका असा यायचा की माझा तोल जाई. मागच्या वर्षी बहर आला. उशिरा आला, पण आला. आक्का वाफ्यात उकिडवी बसली, एका फुलाला हनुवटीखाली बोट लावून वर केलं आणि म्हणाली, "बघ झाडीवाले. झोप पुरी झाली की तोंड कसं टवटवीत दिसतंय."

हे सगळं मी सांगतेय, कारण तेराव्याच्या दिवशी काय झालं ते त्याशिवाय कळणार नाही. तेराव्याचं जेवण शेठनं त्याच्याच लॉन्सवर ठेवू दिलं. अशोक त्याच्या उपकारानं वाकून गेला होता. जेवणं झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वनिताताई, तुम्ही आईसाठी लई केलं. पण मी काय रोज शिफ्ट सोडून कापड ओढायला येणार आहे का? यंदा बहर आला तर बघू. नाही आला तर शेठ जागा पार्किंगला मागतोय, देऊन टाकतो." मी मान हलवली. दुसरं काय करणार? जागा त्याची. पण मला वाफा दिसत होता, आक्काची माय दिसत होती, तिच्यावरून गाड्यांची चाकं जाताना. बहर यायला पाहिजे होता. बस, एवढंच. कळी धरायला थोडेच दिवस उरले होते, आणि वाकळ मी आणि सलीमभाई ओढत होतो. तो बाजार सोडून यायचा, कुरकुरायचा, पण यायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर आमच्या बांधावर लोखंडी सांगाडा उभा. घराच्या भिंतीएवढा फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. आक्काचा फोटो कुठल्याशा लग्नातला, कापून काढलेला, शेजारच्या कोणाचा तरी अर्धा हात तिच्या खांद्यावर राहिलेला. आणि तिच्या दुप्पट मोठा शेठ, हात जोडून. निवडणुकीला उभं राहायचंय त्याला, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन्हीकडून येणाऱ्या गाड्यांना दिसावं म्हणून फ्लेक्स दोन्ही बाजूंनी छापलेला, आणि दोन्ही तोंडांवर उजेड पडावा असे वरच्या दांड्याला दिवे. सांगाडा रस्त्याकडच्या टोकाला होता, वाफ्याच्या उघड्या बाजूच्या बांधावर. जी बाजू आम्ही वाऱ्यासाठी उघडी सोडली होती, बरोबर त्या बाजूनं उजेड वाकळीच्या आत घुसत होता. आणि दिव्यांची वायर? ती कुठून आली होती? आक्काच्याच मोटारीच्या खोलीतून. अशोकला विचारून घेतली होती म्हणे... दोन वर्षं ज्या बाईनं हात जोडून, भांडून, शिव्या देऊन अंधार मागितला, तिच्याच नावानं, तिच्याच बांधावर, तिच्याच विजेवर तिच्या शेवंतीला जागं ठेवलं होतं. आणि येणारेजाणारे गाडी हळू करून म्हणत होते, वा, केवढा मान दिला!

मी अशोकला फोन केला. तो म्हणाला, "ताई, माणूस एवढं करतोय आणि आपण त्याला दिवा काढ म्हणायचं? कसं दिसतं ते?" मी शेठकडं गेले. पहिल्यांदाच एकटी. तो म्हणाला, "ताई, श्रद्धांजली आहे. लगेच काढली तर लोक काय म्हणतील? महिनाभर राहू द्या." महिनाभर! परत आले आणि दोन-तीन संध्याकाळी नुसती रडत वाकळ ओढली. फ्लेक्सजवळच्या झुडपांचे शेंडे मला रोज हिरवे हिरवे होताना दिसत होते. मग एका दुपारी मोटारीच्या खोलीतून उरलेले कोट काढले. जोडले. शिडी लावली. मला उंचीची भीती वाटते, पण चढले आणि आमच्या बाजूच्या दिव्यांच्या दांड्यावरून खालपर्यंत काळा पडदा सोडला. उजेड पडद्यात अडकला. आक्काचं तोंडही पडद्यामागं गेलं.

संध्याकाळी वाकळ ओढून होते न होते तोच गाड्या थांबल्या. शेठ आला, त्याची माणसं आली, मागून मोटारसायकलवर अशोक. "कोणी केलं हे?" शेठ ओरडत होता, "गेलेल्या माणसाच्या तोंडावर काळं? लाज वाटली पाहिजे!" अशोक माझ्यापुढं येऊन म्हणाला, "आईनं तुम्हाला घरात घेतलं, ताई. हे पांग फेडले तुम्ही?" एरवी मी माफी मागितली असती. मला माफी मागायची इतकी सवय आहे की माझ्या पायावर कोणाचा पाय पडला तरी सॉरी मीच म्हणते. पण त्या वेळी वाकळीची दोरी अजून माझ्या मुठीत होती. मी म्हटलं, "दादा, आक्कानं दोन वर्षं जे मागितलं तेवढंच मी दिलंय." शेठ म्हणाला, "मी मावशीला मान दिला." मी म्हटलं, "मान नको होता तिला. काळोख पाहिजे होता. फुकटची वस्तू, तीसुद्धा तुमच्यानं देववली नाही. आता तिच्याच वायरीनं तिच्या वाफ्यावर उजेड मारताय, आणि वर हात जोडून उभे आहात?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. कोणीतरी मागं म्हणालं, ही तर कौसाआक्काच बोलतेय.

सलीमभाई पुढं आला, अशोकच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "गुस्सा बाद में कर. पहले अंदर आके देख." आणि त्याला मान धरून वाकळीखाली नेलं. मी टॉर्च दिली नाही, सलीमभाईनं मोबाइल पेटवला नाही. अशोक अंधारातच बोटांनी चाचपत गेला. मोटारीच्या खोलीकडच्या झुडपांच्या शेंड्यांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या लागल्या होत्या. त्या हाताला लागत होत्या. तो चाचपत रस्त्याच्या टोकाकडं आला, तसतशा त्या विरळ झाल्या, आणि फ्लेक्ससमोरच्या कोपऱ्यात हाताला नुसता पाला. तो तिथंच वाकून राहिला बराच वेळ. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातांना शेवंतीच्या पाल्याचा तो कडवट वास येत होता. सरळ मोटारीच्या खोलीत गेला आणि त्यानं वायर उपसली. दोन्ही बाजूंचे दिवे गेले. "अशोक, अरे लोक काय म्हणतील?" शेठ म्हणाला. "वायर माझी हाय," अशोक म्हणाला. आईसारखा. जाताना शेठ सवयीनं वाकला. पण फोटोला पाय नव्हते, त्यामुळं सांगाड्याच्या लोखंडी पायाला हात लावून तो गेला.

आता अश्विन संपत आलाय. कळ्या फुगल्यात, काहींच्या टोकांना पिवळं दिसू लागलंय. दिवाळीला नाही पण मार्गशीर्षाला आक्काची शेवंती बाजारात जाईल. फ्लेक्ससमोरचा कोपरा मात्र फुलणार नाही, तिथं पालाच राहील. मी तो कोपरा रोज बघते आणि रोज तितकीच चिडते. अशोक पार्किंगचं काही बोललेला नाही. सुट्टीच्या दिवशी येतो, आक्काचं टोक धरतो. झटके द्यायचं विसरतो, मग मी इकडून ओरडते, "झोपलास का रे!" तो दचकतो. त्याला ते आवडतं, असं मला वाटतं.

पण त्याची शिफ्ट असते आणि सलीमभाई बाजारात अडकतो, अशा संध्याकाळी मी एकटीच असते. फ्लेक्स अजून तिथंच आहे. काढायला कोणी येत नाही. माझा काळा पडदा मी काढून ठेवलाय, आता त्याची गरज नाही. उन्हानं शेठचं तोंड आधी विटलं, आक्काचं अजून टिकून आहे. एकटी असले की मी आधी रस्त्याकडचं टोक ओढून नेते आणि सांगाड्याच्या पायाला बांधते, आक्काच्या फोटोखाली. मग वाफ्याच्या या टोकाला येते आणि माझा कोपरा उचलते. पलीकडं लॉन्सचे दिवे एकेक करून लागतात. खुर्च्या दोरीनं बांधलेल्या, मंडप गुंडाळलेला, माणूस एक नाही, आणि पांढराफटक उजेड. मी थांबते. थांबू नये हे कळतं, तरी थांबते... मग मीच इकडून दोन झटके देते. लोखंड जागचं हलत नाही. "आवर की गं," मी म्हणते, आणि त्या दिव्यांना आक्काच्या सगळ्या शिव्या घालत वाकळ ओढत चालू लागते.